‘ब्रास ऑर्चर्ड’ची दुसरी बाजू

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दिल्लीहून फोन आला आणि बारा मिनिटं चालला. पलीकडे एका संगीतविषयक मासिकाची संपादिका होती, नाव गीता, आवाजावरून वय तिशीच्या आत. तिचं म्हणणं असं : ‘हार्लेक्विन रेजिमेंट’ या इंग्लिश बँडची ‘ब्रास ऑर्चर्ड’ ही रेकॉर्ड पस्तीस वर्षांनी भल्यामोठ्या पेटीतून नव्यानं बाजारात येते आहे, जगभर तिच्याकडे पुन्हा बघणं चाललं आहे, आणि १९७८ साली तिच्यावर हिंदुस्थानात लिहिणारा तिला एकच माणूस सापडला, नीलकंठ दामले, वाराणसी. त्यांनी आता पुन्हा लिहावं. दीड हजार शब्द. शुक्रवारी दुपारी पानं छपाईला जातात. शेजारच्या पानावर जुना लेख जसाच्या तसा, पिवळ्या पडलेल्या कागदाचा फोटो काढून. नीलकंठ ‘हं’ म्हणत होता आणि पेन्सिलीनं समोरच्या कागदावर तारखा टिपत होता. मग ती म्हणाली, “सर, वो एक लाइन तो कमाल है,” आणि तिनं ती वाचून दाखवली. रामघाटावरचा माझा घनपाठी चुलतभाऊ म्हणतो हे वेदपठण आहे, मी म्हणतो सुई अडकली आहे. “ऑफिस में सब दिनभर यही बोल रहे हैं, सर.” नीलकंठनं पेटी पाठवायला सांगितलं, पत्ता दिला, फोन ठेवला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती पोर हसत होती म्हणून तर मुळीच नव्हे.

एका वाक्यात तीन चुका. नीलकंठ एका इंग्रजी दैनिकाच्या वाराणसी आवृत्तीत चौतीस वर्षं डेस्कवर होता, निवृत्तीला चार महिने राहिले होते, आणि नवी पोरं त्याला पाठीमागं खोडरबर म्हणत. नावातलं एक अक्षर चुकलं तरी तो बातमीदाराला जिना चढून वर बोलावत असे. ‘सुमारे’ हा शब्द त्यानं आयुष्यात चारपाच हजार वेळा खोडला असेल. मेलेल्याचं वय, पुलाची लांबी, मंत्र्याचं खातं, काहीही त्याच्या हाताखालून चुकीचं गेलेलं नव्हतं, आणि त्याच्या सहीचं जे एकमेव वाक्य दिल्लीतल्या पोरांच्या तोंडी होतं त्यात तीन चुका होत्या. तिन्ही त्यानं जाणूनबुजून केलेल्या. हे शेवटचं त्याला त्या दिवशी आंघोळीला जाताना एकदम स्वच्छ दिसलं आणि त्याला त्या मुलीचा, तिच्या मासिकाचा, पेटी काढणाऱ्या कंपनीचा, आणि सत्तरी ओलांडून अजून जिवंत असलेल्या त्या बँडच्या गायकाचाही संताप आला. तो गायक स्टेडियममध्ये पांढऱ्या घोड्यावरून यायचा, अंगावर मोरपिसांची झूल, खाली ऐंशी हजार माणसं एका ठेक्यात पाय आपटणारी. पहिल्या चार रेकॉर्डी त्या पायांसाठीच केलेल्या होत्या. पाचवी ‘ब्रास ऑर्चर्ड’. मुखपृष्ठावर पाच जण चिलखत घालून एका बागेत सफरचंदं खातायत. एका बाजूला नेहमीची चार गाणी, त्याच गर्जना, आणि दुसऱ्या बाजूला एकच एकोणीस मिनिटांचं गाणं, त्यात मधली अकरा मिनिटं गायक गप्प आणि सहा सूर एकसारखे उलटसुलट वाजत राहिलेले. पाय आपटायला जागाच नाही. अर्ध्या चाहत्यांनी रेकॉर्ड परत केली, अर्ध्यांनी तिची पूजा मांडली. काशीत त्या भांडणाचा पत्ता कुणाला असणार? दूधविनायकच्या गल्लीत दामल्यांकडे राहिलेला एक डच भाडेकरू मायदेशी जाताना अकरा रेकॉर्डी नीलकंठला देऊन गेला, त्यातली ती एक.

बुधवारी दुपारी पेटी आली. चार तबकड्या, पोस्टर, आणि चाळीस पानांची पुस्तिका. नीलकंठनं पहिली बाजू उभ्यानंच ऐकली. ती पूर्वीइतकीच वाईट होती, फक्त आता जास्त स्वच्छ वाईट ऐकू येत होती. दुसऱ्या बाजूला तो बसला. सहा सूर सुरू झाले आणि नोव्हेंबर अठ्ठ्याहत्तरचा तो गुरुवार त्याच्या खोलीत येऊन बसला, भिंतीला टेकून, गादी टाळून, उघड्या फरशीवर. कारण बिंदुमाधव नेहमी तिथंच बसायचा. चुलतभाऊ, दोन वर्षांनी लहान, आठव्या वर्षापासून रामघाटाच्या वेदपाठशाळेत. दुपारची जेवणं झाली की तासभर सुटी असे, तेवढ्यात तो गल्ल्या कापत दूधविनायकला यायचा, गुरुजींना न सांगता. त्या दिवशी पहिल्या बाजूवर तो हसून लोळला होता. “दादा, हा माणूस गातोय की बैल विकतोय?” दुसरी बाजू लागली तेव्हा तो हसायचा थांबला. मग त्याचा उजवा हात मांडीवर आला आणि बोटं आपोआप पेरं मोजायला लागली, पाठाला बसल्यावर चालतात तशी. नीलकंठ मुद्दाम म्हणाला, “काय शास्त्रीबुवा, वेद का हे?” बिंदुमाधवनं हातानंच त्याला गप्प केलं आणि सूर संपेपर्यंत डोळे उघडले नाहीत. मग म्हणाला, “घन नाही रे हे. घनात शब्द मागं वळतो, पुढं येतो, त्याची रीत ठरलेली. इथं सहा सूर नुसते जागा बदलतायत. पण एकदा आलेली रांग पुन्हा येत नाहीये. आणि चुकत कुणी नाहीये.” नीलकंठनं पुन्हा लावलं. न्यूजप्रिंटच्या तुकड्यावर सुरांना आकडे देऊन त्यानं चौदा रांगा उतरवून घेतल्या. चौदाही वेगळ्या. बिंदुमाधव बरोबर होता. घड्याळात चार वाजले होते. सहाला रविवारच्या पुरवणीचं पान जायचं होतं.

त्या दोन तासांचं काय करायचं हे नीलकंठला चौतीस वर्षांत समजलं नव्हतं, कारण त्यानं त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. आता सुरांबरोबर ते मिनिटामिनिटानं परत येत होते. लेख तयार होता, शेवट नव्हता. खरं लिहायचं तर दहा ओळी लागल्या असत्या : सुई अडकलेली नाही, याला क्रम आहे, तो माझ्या कानाला कळला नाही, पाठशाळेत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या बोटांना कळला. दहा ओळींना जागा नव्हती. जागा दोन ओळींना होती. ‘विद्यार्थी’ म्हटलं की विनोदातली हवा जात होती. घनपाठी म्हटलं की वाक्य उभं राहत होतं, एका बाजूला वेदमूर्ती, दुसऱ्या बाजूला चोवीस वर्षांचा चलाख समीक्षक. त्यानं ते टाइप केलं आणि मोठ्यानं वाचलं. शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. एवढंच झालं. एखादा खून व्हावा आणि आवाज फक्त टाइपरायटरचा यावा, तसं.

खून म्हणजे अतिशयोक्ती, आणि अतिशयोक्ती नीलकंठ खोडतो. झालं ते असं. बिंदुमाधव त्या वर्षी माघात परीक्षेला बसायचा होता. चौदा वर्षं पाठ, शेवटची पाच घनाची. बाहेरगावचे परीक्षक येतात, सभा बसते, मधूनच कुठूनही ऋचा उचलून म्हणायला लावतात, आणि न अडखळता निभावलं तर सभा त्याला घनपाठी म्हणते. सभेनं म्हणेपर्यंत कुणी स्वतःला तसं म्हणवून घ्यायचं नाही. पाठशाळेत इंग्रजी पेपर येत नसे, पण निवृत्त झालेले एक ट्रस्टी तो वाचत, आणि सोमवारी सकाळी त्यांनी ते वाक्य ढुंढिराज गुरुजींना मराठीत सांगितलं. गुरुजींनी गाण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “घनपाठी कोण?” बिंदुमाधव म्हणाला, भावानं लिहिलंय, मी म्हटलेलं नाही. गुरुजी म्हणाले, “मग ज्यानं म्हटलं त्यानं मागं घ्यावं. जिथं म्हटलं तिथंच.” पाठशाळेची ही रोजची रीत होती. म्हणताना पोरगा चुकला की शेजारच्यानं शब्द पुरवायचा नाही. चुकणाऱ्यानं आपलं आपण मागं जायचं, चूक ओलांडून नीट म्हणायचं, तरच ते म्हणणं धरायचं. छापून आलेल्या चुकीला गुरुजींनी तोच नियम लावला. दोन ओळींचं शुद्धिपत्र पाहिजे होतं : सदर गृहस्थ घनपाठी नसून विद्यार्थी आहेत. बिंदुमाधव धोतर सावरत दैनिकाच्या कचेरीत आला, शिपायानं त्याला बाकावर बसवलं. नीलकंठ म्हणाला, “अरे, रविवारच्या सदरात कुणी शुद्धिपत्र छापतं होय? हसतील मला. तरी विचारतो संपादकांना.” पुढच्या आठवड्यात बिंदुमाधव परत आला, तेव्हा सांगितलं, “विचारलं. नाही म्हणाले.” विचारलं नव्हतं. माघ आला आणि गेला; शुद्धिपत्र आलं नाही, म्हणून गुरुजींनी त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. पुढल्या चैत्रात बिंदुमाधवचे वडील वारले, आणि तो रेल्वेच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागला. ढुंढिराज गुरुजी त्यानंतर दोन वर्षांनी गेले, मणिकर्णिकेवर नीलकंठही हजर होता.

तबकडी संपून नुसतीच फिरत होती. नीलकंठनं पुस्तिका उघडली. चार प्राध्यापकांनी चाळीस पानं लिहिली होती. त्यातलं कामाचं एका परिच्छेदात होतं : गिटारवादकाचा बाप खेड्यातल्या चर्चमध्ये घंटा वाजवणारा. सहा घंटा, सहा माणसं, सहा दोर. दर फेरीला क्रम बदलतो, वाजलेला क्रम पुन्हा वाजवायचा नाही, लिहिलेलं समोर ठेवायचं नाही, आणि कुणी चुकला तर सगळं पहिल्यापासून. ती अकरा मिनिटं म्हणजे बापाच्या घंटा. बँडनं पस्तीस वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं! नीलकंठला पुस्तिका फाडावीशी वाटली. चार प्राध्यापकांना पस्तीस वर्षं लागली, ते फरशीवर बसलेल्या एका पोराला पाऊण तासात बोटांवर मोजता आलं होतं, आणि त्याचा एकमेव साक्षीदार आपण होतो. साक्षीदारानं साक्ष फिरवली. साध्या बातमीत असं झालं असतं तर त्या बातमीदाराला आपण नोकरीवरून काढायला लावलं असतं. गेल्या वर्षी एकाला लावलं होतंही.

साडेसहाला तो रामघाटाच्या गल्लीत पोचला. दार बिंदुमाधवच्या बायकोनं, पद्मानं उघडलं. “या भाऊजी. आज दिवाळी नाही, बारसं नाही, कसे काय वाट चुकलात?” बिंदुमाधव आत पाटावर बसून सिंघाडे सोलत होता. छप्पन वर्षांचा, केस गेलेले, कारखान्याचा निळा शर्ट अजून अंगात. “ये दादा, बैठ. ताजे आहेत, खा.” ही शांतता. चौतीस वर्षं हा माणूस असाच ‘खा’ म्हणत आला होता, आणि नीलकंठ दर वेळी खाऊन, पाणी पिऊन, आतल्या आत धुमसत परत गेला होता. एकदा तरी शिवी द्यावी. एकदा तरी दार लावून घ्यावं. नाही; सिंघाडे.

नीलकंठनं पुस्तिकेतला परिच्छेद मराठी करत वाचून दाखवला. बिंदुमाधवचे हात थांबले, चेहरा उजळला. “घंटा? सहा माणसं, सहा दोर? म्हणजे एकट्याच्या तोंडचं नाही ते. बाप रे. मग तर भलतंच मुश्किल. एकानं श्वास चुकवला की बाकी पाच गेले.” त्यानं मांडीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो मनाशीच काही लावून बघत होता. “पद्मा, ऐकलंस? मी म्हटलं होतं ना, चुकत कुणी नाही म्हणून.”

“ऐकलं,” पद्मा म्हणाली. “चौतीस वर्षांत पन्नास वेळा ऐकलं.”

“मी तेच लिहिणार आहे,” नीलकंठ म्हणाला. “तू बरोबर होतास.”

“त्यात काय लिहायचं? बरोबर होतो ते मला ठाऊक होतं.”

“जुना लेखही छापतायत. जसाच्या तसा.”

सिंघाड्याचं हिरवं साल बिंदुमाधवच्या बोटात तसंच राहिलं. “त्या शब्दासकट?”

“त्या शब्दासकट.”

“पुन्हा?”

नीलकंठ म्हणाला, आणि म्हणताना त्याला स्वतःच्याच आवाजात डेस्कवरचा कोरडेपणा ऐकू आला, “त्या वेळी मी संपादकांना—”

“विचारलं नव्हतंस,” बिंदुमाधव म्हणाला. “मला माहीत आहे. तिसऱ्यांदा आलो तेव्हा तू खाली चहाला गेला होतास. मी सरळ केबिनमध्ये गेलो. बंगाली बाबू होते ना तुमचे, भला माणूस, उठून उभे राहिले माझी शेंडी बघून. म्हणाले, कसलं करेक्शन, मला तर कुणी बोललं नाही. नीलकंठनं कागदावर लिहून दिलं तर परवाच्या अंकात घेतो.”

खालच्या गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेला. नीलकंठच्या मनात मग जे वर आलं ती लाज नव्हती, हे त्यानं नंतर स्वतःपाशी नीट नोंदवलं. तो संताप होता, निखळ, जवळजवळ सुखाचा. “आणि मला सांगितलं नाहीस? मी खाली चहालाच तर होतो! नुसतं म्हणायचंस, लिहून दे!”

“दोनदा म्हटलंच होतं. तिसऱ्यांदा मी म्हटलं म्हणून तू दिलं असतंस तर ते माझं झालं असतं, तुझं नव्हे. चुकणाऱ्यानं आपण मागं यायचं. दुसऱ्यानं शब्द पुरवला की ते धरत नाहीत.”

“नियम! तुझं अख्खं आयुष्य गेलं त्या नियमापायी. कार्डं पंच करत बसलास तीस वर्षं!”

“माझं आयुष्य गेलं ते तुला आज सुचतंय?” बिंदुमाधवचा आवाज चढला, आणि तो किती भरीव होता हे नीलकंठला विसरायला झालं होतं, चौदा वर्षं त्या आवाजानं रोज सहा तास काम केलं होतं. “रामाचा वनवास संपतो तेवढी वर्षं घोकलं मी. माघातली सभा बसली तेव्हा मी बाहेर ओसरीवर सतरंज्या झटकत होतो, आणि आत माझ्याहून कच्चा पोरगा म्हणत होता, दोन जागी अडखळला, मी बाहेर ओठ दाबून बसलो की चुकून शब्द तोंडून जायला नको. आणि राग तुला येतो! वा रे वा, दादा. वाह.”

“हळू,” पद्मा म्हणाली. “गल्ली ऐकते.” मग नीलकंठकडे वळून, अगदी साध्या आवाजात, “भाऊजी, दर दिवाळीला आलात. चौतीस दिवाळ्या लाडू खाल्लेत. एकदाही तोंड रिकामं नव्हतं का?”

बिंदुमाधवनं पुन्हा सिंघाडा उचलला, पण सोलला नाही. नीलकंठ उठला तेव्हा तो वर न बघता म्हणाला, “छाप म्हणत नाही, नको छापू म्हणत नाही. मी विचारायला पुन्हा येणार नाही, बस.”

गुरुवारी नीलकंठनं लिहिलं. सकाळी नऊ ते दुपारी एक, एकही वाक्य न खोडता, आणि असं त्याचं कधी होत नसे. पहिली बाजू तेव्हाही भंपक होती, आजही आहे, पेटीत घातल्यानं भंपकपणा पुरातन होतो, थोर होत नाही. हा बँड गर्दीचा गुलाम होता, आणि या रेकॉर्डवर अकरा मिनिटं त्यानं गर्दीकडे पाठ फिरवली. ही श्रेष्ठ रेकॉर्ड नाही. हिच्यात चार टाकाऊ गाणी आहेत आणि एक असं, ज्यात सहा सूर अकरा मिनिटं कुठंही चुकत नाहीत. ते मला तेव्हा कळलं होतं. मी ते लपवलं, कारण लपवलेलं वाक्य जास्त चांगलं होत होतं. लेखाच्या आधी, चौकटीत, तीन ओळी : शेजारच्या लेखात ज्यांना घनपाठी म्हटलं आहे ते तेव्हा विद्यार्थी होते, ते वेदपठण आहे असं ते म्हणाले नव्हते, आणि सुई अडकलेली नव्हती. जुन्या लेखातली ही तिन्ही विधानं खोटी असल्याचं लेखकाला लिहितानाच माहीत होतं. सहा वाजून चाळीस मिनिटांनी मजकूर दिल्लीला गेला.

शुक्रवारी सव्वादहाला गीताचा फोन. लेख जबरदस्त आहे. पण ती चौकट? “सर, वो मूड तोड़ता है. लाइन का सारा मज़ा चला जाता है.”

“मजा जावी म्हणूनच दिलीय,” नीलकंठ मराठीतच म्हणाला, मग हिंदीत. चौकट नसेल तर जुना लेखही नको, नवाही नको. ती म्हणाली, पान बांधून झालंय, ती विचारून बघते, आणि मग काहीशी चिडून, “सर, इतने साल बाद कौन चेक करेगा?” साडेचारला तिचा निरोप आला : पान गेलं. चौकट बसली नाही. पुढच्या अंकात वाचकांच्या पत्रांत नक्की टाकू. नीलकंठनं निरोप दोनदा वाचला. त्याला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? हे उत्तर त्यानं स्वतः दिलेलं होतं, एका बाकावर बसलेल्या माणसाला, आणि या पोरीनं निदान ते खरं सांगितलं होतं.

मग त्याच्या लक्षात आलं की दिल्लीचं मासिक ही जागाच नव्हे. जिथं म्हटलं तिथंच. तो सहा वाजता कचेरीत गेला. स्वतःच्या टेबलावर बसून त्यानं त्याच तीन ओळी पुन्हा टाइप केल्या, वर मूळ अंकाची तारीख घातली, खाली पूर्ण नाव. कागद छापून घेतला, कारण कागदावर लिहून द्यायचं होतं. निवासी संपादक त्याच्याहून अठरा वर्षांनी लहान, लखनौचा, भला माणूस. त्यानं वाचलं, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. “दामलेजी, चौंतीस साल पुराना है. और ये आख़िरी वाक्य, लेखक को मालूम था, ये तो आप खुद पर... रिटायरमेंट सामने है. लीगल को दिखाना पड़ेगा.”

“दाखवा,” नीलकंठ म्हणाला. “एक शब्द कापायचा नाही.”

“देखते हैं.”

कागद संपादकाच्या टेबलावर, उजव्या हाताच्या ट्रेमध्ये होता. नीलकंठ बाहेर आपल्या जागेवर बसला होता, समोर शहराच्या बातम्या पडल्या होत्या, आणि त्यानं एकीलाही हात लावला नव्हता. सात वाजून पाच मिनिटांनी संपादक वकिलांशी फोनवर बोलताना काचेतून दिसला. सात पंचवीसला तो फोन अजून चालू होता, आणि पान दोन, जिथं शुद्धिपत्र जातं, अजून छपाईला न जाता उघडं होतं.